दर दहा मिनिटांनी एक फोटो

फतेहगंजच्या लॅबमध्ये रात्री पावणेदोनला
पिवळ्या टिपच्या टोकाने मी एक रेघ ओढली
पेशींच्या सलग थरावर.
वहीत लिहिलं : जखम, १:४५.
खरी जखम नव्हे, कुणाला दुखत नाही.
नुसती एक मोकळी गल्ली, पाच-सहा केसांइतकी रुंद,
आणि दोन्ही काठांवर त्या,
ज्यांच्या शेजारी अचानक कुणीच उरलं नाही.

मायक्रोस्कोप दर दहा मिनिटांनी एक फोटो काढतो.
मी दर दहा मिनिटांनी चहाचा विचार करते.

फेरी मारताना रमणभाई स्क्रीनशी थांबतात.
‘बेन, आ बधां जाय छे क्यां?’
मी म्हणते, रिकामी जागा दिसली तिकडे.
‘हं,’ म्हणतात, ‘मारो नानो सुरत गयो एम.’

रॅक नावाचं एक प्रथिन आहे.
एकशे ब्याण्णव मण्यांची माळ, म्हणजे लहानच;
पारेखसर त्याला ‘छोकरो’ म्हणतात.
शेपटाला स्निग्ध धागा, त्याने ते पडद्याला आतून बिलगतं.
जीटीपी हाती आला की जागं होतं,
मग काठाशी ॲक्टिनचे तंतू भराभर उभे राहतात
आणि पडदा पुढे सरकतो.
झालर? पदर? तव्यावरच्या घावनाची कड?
तीन वर्षं शब्द शोधला,
शेवटी प्रबंधात ‘लॅमेलिपोडिया’ लिहून मोकळी झाले.

एक फॉस्फेट सुटला की ते पुन्हा निजतं.
पण सोडणं त्याला एकट्याला धड जमत नाही.
दुसरं एक प्रथिन यावं लागतं,
नेमक्या जागी बोट लावून सांगायला :
बास, सोड आता.

आमच्याकडे एक वाण आहे, त्याला सोडताच येत नाही.
बारावा मणी बदललेला. रॅक अष्टौप्रहर जागं.
मला वाटलं होतं, ह्या धावतील.
तीन वाजले. साडेतीन. चार.
त्या नुसत्या पसरल्या,
चहूबाजूंनी झालर, तव्यावर फोडलेल्या अंड्यासारख्या,
सगळ्या दिशांना एकदम निघालेल्या
आणि जागच्या जागी.

दांडिया बाजारातले आमचे त्र्यंबककाका.
सकाळी होमिओपॅथी, दुपारी विमा,
संध्याकाळी बासरीचा क्लास,
एकदा निवडणुकीत अनामत घालवलेली,
एकदा कॅनडाचा फॉर्म आणलेला, अर्धा भरलेला.
सत्तर वर्षं त्याच पानवाल्यासमोर उभे.
आम्ही हसायचो.
कुणी बोट लावायला हवं होतं त्यांना,
हे तेव्हा कुणाला सुचलं असतं?

शेजारच्या डिशमध्ये साधी पेशी.
एका कडेला जागी, बाकी अंग झोपेत.
चाचपते, थबकते,
चुकीच्या बाजूला निघते, लाजल्यासारखी परत वळते.
मागच्या अंगाला ऱ्हो, रॅकचाच भाऊबंद, मूठ आवळतो,
आणि काचेला चिकटलेली शेपटी
ताणत, ताणत, ताणत
सुटते.

सगळी नाही सुटत.
उजेड वाढवला की मागे धागे दिसतात,
तिच्याच पडद्याचे, कोळिष्टकाहून बारीक.
मागच्या वर्षी पुण्याच्या बाई आल्या होत्या परीक्षक म्हणून.
जेवताना विचारलं, ‘तुमचं मराठी कुठलं?’
म्हटलं, इथलंच.
आजोबांचे आजोबा पागेत नोकरीला आले,
कुठल्या गावाहून, ते सांगायला कुणी उरलं नाही.
आई अजून ‘लाइट बंध कर’ म्हणते,
आणि कढीत गूळ घालू की नको
यावर आमच्याकडे दर रविवारी भांडण होतं.

सात वाजले. खिडकीबाहेर दूधवाल्याची सायकल.
रमणभाई घरी निघताना डोकावतात :
‘पहोंच्यां?’
नाही अजून.

वहीत लिहिलं : ७:०५, एक तृतीयांश बुजली.
आणि खाली पेन्सिलीने,
प्रबंधात जाणार नाही असं :
धागे मोजायचे राहिले.